घरचा पहिला लेथ

खंडेनवमीच्या दिवशी आपण घरातली हत्यारे पुसून पाटावर मांडतो. कोयता, विळा, पहार, पाना, ज्याच्या घरी जे असेल ते. गंधफूल वाहतो, नारळ फोडतो, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा कामाला लागतात. आमच्या घरी पाटावर न मावणारे एक हत्यार आहे. पडवीच्या कोपऱ्यात तो छोटा लेथ गेली बारा वर्षे उभा आहे. गणित शिकवणाऱ्या माणसाच्या घरी लेथ कशाला, असे येणारा-जाणारा विचारतो. मी म्हणतो, वर्गात जी भूमिती फळ्यावर काढतो, ती इथे लोखंडात काढून पाहतो. हे उत्तर थोडे ऐटीचे आहे, हे मला ठाऊक आहे. कारण पहिले वर्षभर त्या यंत्रावर मी जी भूमिती काढली ती वाकडी होती, आणि तिची किंमत दुसऱ्याच माणसाला मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईलच.

हे लिहिताना माझ्या डोळ्यांपुढे दोन माणसे आहेत. एक, आय. टी. आय. मधून टर्नरचा अभ्यासक्रम पुरा करून गावी परतलेला तरुण. त्याला वाटते, कर्ज काढून एक लेथ घ्यावा आणि घरीच काम सुरू करावे. संस्थेत त्याने लेथ चालवलेला असतो, बसवलेला नसतो. दुसरे, शाळेतले शिक्षक. शाळेत एखादे छोटे यंत्र असावे, मुलांनी मोजायला आणि घडवायला शिकावे, अशी त्यांची इच्छा असते. दोघांनाही मला एकच गोष्ट सांगायची आहे: लेथ विकत घेऊन सरळ होत नाही. तो बसवून, कातून आणि मोजून सरळ करावा लागतो.

लेथ म्हणजे काय, ते आधी थोडक्यात पाहू. कुंभाराच्या चाकावर माती फिरते आणि हात तिला आकार देतो. लेथवर धातू फिरतो आणि हत्यार त्याला घासून पुढे सरकते. कुंभाराच्या चाकाचा आस उभा, लेथचा आडवा, एवढाच फरक. लाकूड असे आडवे फिरवून कातण्याची कला आपल्याकडे फार जुनी आहे. सावंतवाडीची लाखेच्या रंगाची खेळणी, पलंगाचे गोल खूर, घरातले लाटणे ही सारी कातकामाचीच लेकरे. पण लाकूड कातणारा कातारी हत्यार हातात धरतो. लाकडाला ते चालते. लोखंडाला माणसाचा हात पुरत नाही. म्हणून हत्यार एका सरकत्या बैठकीत आवळायचे आणि ती बैठक स्क्रूने पुढे न्यायची, ही युक्ती निघाली. इंग्लंडमधला हेन्री मॉड्स्ले (१७७१–१८३१) याने १८०० च्या सुमारास सरकती बैठक, लांब स्क्रू आणि बदलती दातेरी चाके ही तिन्ही एका यंत्रात अशी बसवली की, एकसारखे आटे हवे तितके पाडता येऊ लागले. त्याच्याआधीही काहींनी तसे प्रयत्न केले होते. पण कारखान्यात रोज वापरता येईल असे रूप त्याने दिले. हाच मॉड्स्ले आपल्या टेबलावर एक मोजयंत्र ठेवी. त्याला तो ‘लॉर्ड चॅन्सलर’ म्हणे, म्हणजे सर्वोच्च न्यायाधीश. कारागिरांत वाद झाला की निवाडा त्या यंत्राने करायचा. लेथ आणि मोजमाप ही जोडी तेव्हापासूनची आहे.

आता यंत्राचे भाग. खाली लांब आडवा असतो तो बेड. तो बहुधा बीडाचा असतो. (बीड हा धातू आणि बेड हा भाग, यांची गल्लत करू नका.) डाव्या टोकाला हेडस्टॉक, त्यात फिरणारा स्पिंडल आणि त्याच्या तोंडावर काम पकडणारा चक. उजव्या टोकाला टेलस्टॉक. लांब कामाचे दुसरे टोक तो टेकवून धरतो. या दोहोंच्या मधे बेडवरून सरकते ती कॅरेज, आणि तिच्यावर हत्यार. या साऱ्या पसाऱ्याचे मर्म एका वाक्यात सांगता येते: स्पिंडलचा आस आणि कॅरेजची वाट एकमेकींना समांतर हव्यात. त्या समांतर असतील तर गज नळीसारखा सारखा कातला जातो. नसतील तर तो गाजरासारखा निमुळता होतो. गाजर डोळ्यांना दिसते. लेथवरचे गाजर मात्र मायक्रोमीटर लावल्याशिवाय दिसत नाही.

लेथ कोणता घ्यावा? आपल्या बाजारात लेथ बेडच्या लांबीवरून ओळखतात: चार फुटी, साडेचार फुटी, सहा फुटी. पंजाबातले बटाला आणि लुधियाना, गुजरातेतले राजकोट ही लेथ बनवणारी जुनी गावे. महाराष्ट्राचा या धंद्याशी संबंध किर्लोस्करांच्या नावाने जोडलेला आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर (१८६९–१९५६) हे मुळात मुंबईच्या तंत्रशाळेतले शिक्षक होते, हे शिक्षक वाचकांनी जरूर ध्यानात ठेवावे. १९१० साली त्यांनी किर्लोस्करवाडी वसवली. त्या घराण्याने हरिहरला १९४१ साली काढलेल्या कारखान्याचे लेथ देशभर गेले. तो कारखाना आज चालत नाही, पण त्याची यंत्रे जुन्या बाजारात अजूनही भेटतात. १९५३ साली बंगळूरला स्थापन झालेल्या एच. एम. टी. चे लेथही भेटतात. ही यंत्रे उत्तम, पण जड. घरच्या पहिल्या लेथला ती बहुधा पेलत नाहीत. चार फुटी साध्या पट्ट्याच्या लेथचेच वजन तीनशे किलोंच्या पुढे जाते. त्याउलट अलीकडे टेबलावर ठेवायचे परदेशी बनावटीचे छोटे लेथ येतात. त्यांचे वजन सुमारे ४० किलो असते. शाळेला, घड्याळाएवढ्या बारीक कामाला आणि शिकण्याला ते ठीक. पंपाचा शाफ्ट किंवा ट्रॅक्टरच्या अवजाराची पिन त्यावर कातू म्हणाल, तर ते थरथरते. तेव्हा आधी आपल्या गावात कोणते काम येते ते महिनाभर वहीत लिहून काढा. सर्वांत जाड आणि सर्वांत लांब जिन्नस कोणता, ते पाहा. यंत्र त्या वहीवरून ठरवा. दुकानदाराच्या बोलण्यावरून ठरवू नका.

आणि हातातले सगळे पैसे यंत्रात घालू नका. निदान तिसरा हिस्सा मागे ठेवा. चक, सेंटर, ड्रिल-चक, हत्यारे, हत्यारांना धार लावायचा ग्राइंडर, मायक्रोमीटर, डायल गेज आणि वाहतूक, यांना तो हिस्सा लागतो. मोजायचे साधन नसलेला लेथ म्हणजे तराजू नसलेले किराणा दुकान.

जुना लेथ घेत असाल तर रंगावर जाऊ नका. नवा रंग पुष्कळ काही झाकतो. मी सांगतो त्या पाच गोष्टी पाहा. पहिली गोष्ट, कॅरेज बेडच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हाताने फिरवा. काम नेहमी चकजवळ होते, म्हणून बेड तिथे अधिक झिजतो. कॅरेज चकजवळ सैल आणि टेलस्टॉककडे घट्ट लागली, तर झीज झाली आहे असे समजा. दुसरी, चकमध्ये जाड गज पकडून तो वरखाली हलवून बघा आणि शेजारी डायल गेज लावा. काटा नाचला तर बेअरिंग तपासावे लागेल. तिसरी, यंत्र वीस मिनिटे चालवून हेडस्टॉकवर हात ठेवा. कोमट लागणे ठीक. चटका बसत असेल तर किंमत पाडा किंवा घरी जा. चौथी, आटे पाडण्याची बदलती दातेरी चाके सगळी आहेत का, ते मोजा. विकणारा म्हणतो, “नंतर पाठवून देतो.” ती नंतर कधी येत नाहीत. पाचवी, यंत्र बंद असताना झाकणे उघडून दाते पाहा. तुटलेला दात कानाला कटकट ऐकू येते तेव्हाही कळतो. झिजलेला लेथ घेऊच नये असे मी म्हणत नाही. झीज ठाऊक असली की कारागीर तिच्याशी जमवून घेतो. ठाऊक नसलेली झीज मात्र घात करते.

विजेचे आधी ठरवा, यंत्र मागाहून आणा. घरात बहुधा २३० व्होल्टचा सिंगल फेज असतो. जुन्या लेथवर मात्र थ्री फेज मोटर असते. शेतीचा थ्री फेज पुरवठा ठराविक तासांचा, आणि तो पंपासाठी असतो. त्यावर घरचा लेथ चालवायचा नसतो. एक अश्वशक्तीची, म्हणजे सुमारे ७५० वॅटची सिंगल फेज मोटर छोट्या लेथला पुरते. थ्री फेज मोटर तशीच ठेवायची असेल तर सिंगल फेजवरून ती चालवणारे व्ही. एफ. डी. नावाचे उपकरण मिळते. त्याने वेगही कमी-जास्त करता येतो. दोन्ही प्रकारांत स्वतंत्र अर्थिंग हवेच हवे. पावसाळ्यात ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून यंत्र चालवणारे लोक मी पाहिले आहेत. हे देवावर भार टाकणे झाले. धंदा करणार असाल तर घरगुती मीटरवर चोरून चालवू नका. वीज कंपनीकडे योग्य ती जोडणी मागा.

यंत्र घरी आणताना टेलस्टॉक उतरवून वेगळा न्या. दोर बांधायचा तो बेडला. लांब स्क्रूला किंवा स्पिंडलला बांधू नये. लेथचे वजन वरच्या अंगाला आणि डावीकडे जास्त असते. म्हणून टेम्पोतून उतरवताना तो कलंडतो. जागा निवडताना उजेड पाहा, पावसाची झड येत नाही ना ते पाहा, आणि स्पिंडलच्या डाव्या बाजूला भिंत चिकटवू नका. लांब गज त्या पोकळ स्पिंडलमधून आरपार घालावा लागतो. खाली पोकळ फरशी असेल तर ती काढून काँक्रीट करून घ्या.

आता माझी हकीकत. बारा वर्षांपूर्वी तालुक्याच्या गावी एक छोटे वर्कशॉप बंद झाले, तेव्हा त्यांचा टेबलावरचा छोटा लेथ मी घेतला. बेड चांगला होता, बेअरिंग चांगले होते. आमच्या सुताराकडून सागाचे भक्कम टेबल करून घेतले. त्याला चार भोके पाडली, लेथच्या चार पायांतून बोल्ट घातले आणि अंगातला होता नव्हता तेवढा जोर लावून आवळले. जितके घट्ट तितके चांगले, असा माझा समज होता. मग मी गज कातू लागलो. चकाकी अशी यायची की बघत राहावे.

आमच्या शेजारच्या शेतकऱ्याच्या पंपाचा शाफ्ट झिजला होता. रोपे लावून कांद्याचा वाफा नुकताच उभा राहिलेला. पाण्याची नड होती. मी आपण होऊन म्हटले, “दादा, तालुक्याला कशाला जाता? मी करून देतो.” शाफ्टवर दोन बेअरिंगांच्या जागा होत्या, एकमेकींपासून १५० मिलिमीटर अंतरावर. चकजवळची जागा मी मायक्रोमीटरने मोजली. ती बरोबर आली. दुसरी जागा त्याच हत्याराने, त्याच दमात कातली होती. म्हणून ती मोजली नाही. यंत्र सरळच कातणार, असा माझा विश्वास. पंप सुरू झाला. तिसऱ्या रात्री ते दुसरे बेअरिंग शाफ्टवर फिरू लागले, तापले आणि धरून बसले. मोटर जळता जळता वाचली. पण पंप पुन्हा सुरू होईपर्यंत कांद्याची पाण्याची पाळी हुकली आणि निम्मी रोपे माना टाकून बसली. दादा मला एक शब्दही बोलले नाहीत. पुढचा शाफ्ट मात्र त्यांनी तालुक्याहून करून आणला.

काढलेला शाफ्ट मी घरी आणून मोजला. दुसरी जागा ०.१२ मिलिमीटरने बारीक होती. मी तडक ठरवले की, यंत्र फसवे आहे, भंगारात घालावे. तेवढ्यात आमच्या ओळखीचे एक निवृत्त मिस्त्री घरी आले. कारखान्यात ते आयुष्यभर लेथ बसवत होते. त्यांनी यंत्राकडे पाहिलेच नाही, टेबलाखाली वाकले. पाना मागितला आणि उजव्या टोकाच्या मागच्या पायाचा बोल्ट सैल केला. पाय टेबलावरून केसभर वर आला. त्या फटीत त्यांनी माझ्या वहीचा कागद सरकवला, मग दुसरा, मग तिसरा अडकला. मग म्हणाले, “सर, लेथ सरळ आहे. तुम्ही त्याला पिळलात.”

पिळणे म्हणजे काय, ते नीट समजून घेऊ. तीन दगडांची चूल कधी डुगडुगत नाही. जमीन कशीही असो, तीन टेकू बरोबर टेकतात. चौरंगाला पाय चार. एक आखूड असला की तो डुगडुगतो. लेथलाही पाय चार. जमीन किंवा टेबल किंचित जरी असमान असले, तरी चौथा पाय अधांतरी राहतो. चौरंग आपण डुगडुगू देतो. लेथचा अधांतरी पाय मात्र आपण बोल्टने खाली ओढतो, आणि ओले फडके पिळावे तसा अख्खा बीडाचा बेड पिळला जातो. बीड इतके कठीण, ते कसे पिळेल, असे तुम्ही म्हणाल. हिशेब करून पाहू. वहीचा कागद सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. समजा, पुढच्या आणि मागच्या पायांमधले अंतर जितके, तितकीच कामाच्या आसाची पायांपासूनची उंची. मग मागचा पाय एका कागदाइतका खाली ओढला, की त्या टोकाला हत्यार एका कागदाइतके कामाच्या अंगाकडे झुकते. गज फिरत असल्यामुळे त्याचा व्यास दोन कागदांनी कमी होतो. माझ्या शाफ्टचे घ्या. १५० मिलिमीटरमध्ये व्यास ०.१२ ने कमी, म्हणजे हत्यार ०.०६ ने आत. माझ्या लेथच्या डाव्या आणि उजव्या पायांत ६०० मिलिमीटरचे अंतर आहे, म्हणजे चौपट. चौपटीने ०.२४. अडीच कागद! मिस्त्रींनी हिशेब केला नव्हता. त्यांच्या हाताला जे कळले, ते मला त्रैराशिक मांडल्यावर कळले. शिक्षकांनो, हे उदाहरण मी दर वर्षी वर्गात घालतो.

तेव्हा पाणसळ लावून लेथ समपातळीत आणला म्हणजे झाले, असे समजू नका. बोटीवर लेथ असतात. समुद्रात बोट डोलते तरी त्यांचे काम चालते. लेथ समपातळीत असणे ही सोय आहे, तो न पिळणे ही गरज आहे. गवंड्याच्या पाणसळीला कागदाएवढा फरक दिसतच नाही. कारखान्यात त्यासाठी खास पाणसळ वापरतात. तिचा एक घर फरक म्हणजे एक मीटर अंतरावर ०.०२ मिलिमीटरची चढ. ती महाग असते. घरच्या माणसाला तिच्याशिवाय चालते, कारण लेथच स्वतःची परीक्षा देऊ शकतो. ती परीक्षा अशी घ्या.

चारही बोल्ट सैल ठेवा आणि प्रत्येक पायाखाली कागद सरकवून पाहा. जिथे फट असेल तिथे तेवढाच पत्रा भरा. शीतपेयाच्या डब्याचा पत्रा सुमारे ०.१ मिलिमीटर जाड असतो. कात्रीने कापता येतो. कागद फक्त अंदाजाला वापरा. तेल पिऊन तो दबतो. मग बोल्ट बेताने आवळा. यंत्र वीस मिनिटे चालवून गरम होऊ द्या. २५ ते ३० मिलिमीटर जाडीचा पोलादी गज चकमध्ये असा पकडा की तो १५० मिलिमीटर बाहेर राहील. टेलस्टॉक लावू नका. गजाच्या मधला भाग थोडा खोल कातून टाका, म्हणजे दोन टोकांना दोन कडी उरतील. आता हत्याराला ताजी धार लावून, अगदी हलका काप घेत, दोन्ही कडी एकाच दमात काता. मधे हत्यार आत-बाहेर करायचे नाही. मग दोन्ही कडी मायक्रोमीटरने मोजा.

दोन्ही सारखी आली तर नारळ फोडा. टोकाचे कडे बारीक आले, तर उजव्या टोकाचा मागचा पाय पत्रा घालून उचला. टोकाचे कडे जाड आले, तर त्याच टोकाचा पुढचा पाय उचला. एका वेळी एकच पत्रा, मग पुन्हा काप, पुन्हा माप. पहिल्या दिवशी हे सात-आठ वेळा करावे लागेल. १५० मिलिमीटरमध्ये ०.०१ च्या आत फरक आला की थांबा. पत्रा कितीही बदलला तरी फरक जात नसेल, तर दोष झिजलेल्या बेडचा किंवा हेडस्टॉकचा असतो; तेव्हा जाणत्या मिस्त्रीला बोलवा. हे सारे झाल्यावरच टेलस्टॉक लावून त्याची रेषा जुळवा. क्रम उलटा केलात तर एका चुकीने दुसरी चूक झाकली जाते. आणि टेबल लाकडी असेल तर ही परीक्षा पावसाळ्याआधी एकदा आणि नंतर एकदा घ्या. लाकूड ओल पिते, फुगते आणि लेथला हळूच पिळते. मी शेवटी लोखंडी चौकटीचे टेबल करून घेतले.

सुरुवातीला हत्यारे हाय स्पीड स्टीलची घ्या. त्यांना घरी धार लावता येते. हत्याराचे टोक बरोबर आसाच्या उंचीवर हवे. त्याची सोपी कसोटी आहे: यंत्र बंद असताना गज आणि हत्याराचे टोक यांच्यामधे पोलादी पट्टी हलकेच धरा. पट्टी ताठ उभी राहिली तर उंची बरोबर. तिचे वरचे टोक तुमच्याकडे झुकले तर हत्यार खाली आहे. पलीकडे झुकले तर वर आहे. वेगाचे गणित सातवी-आठवीच्या मुलालाही येईल. साध्या पोलादाला या हत्याराने मिनिटाला सुमारे २५ मीटरचा वेग मानवतो. २५ मिलिमीटर गजाचा परीघ ७८.५ मिलिमीटर, २५,००० ला त्याने भागा. मिनिटाला ३१८ फेरे आले. जवळचा खालचा वेग निवडा. गज दुप्पट जाड झाला की फेरे निम्मे. वर्गात ‘पाय’ची किंमत पाठ करणाऱ्या मुलाने हे एकदा पाहिले की, परीघ कशाला शिकायचा हा प्रश्न तो पुन्हा विचारत नाही.

आता सर्वांत शेवटी सांगतो, पण पाळायचे सर्वांत आधी. चकची चावी चकमध्ये ठेवून हात काढायचा नाही, एक क्षणही नाही. यंत्र चुकून सुरू झाले तर ती चावी गोळीसारखी सुटते. लांब बाह्या, उपरणे, ओढणी, मोकळे केस, अंगठी, मनगटातला गंडा किंवा राखी, यांतले काहीही अंगावर ठेवून लेथजवळ उभे राहू नका. हातमोजेही नकोत, ते हात वाचवत नाहीत, ओढून नेतात. डोळ्यांवर चष्मा हवा. निघणारा कीस दोरीसारखा लांब आणि ब्लेडसारखा धारदार असतो. तो आकड्याने ओढा, बोटांनी नाही. जुन्या लेथचा चक आट्यांवर बसवलेला असतो. असा लेथ भरधाव असताना उलटा फिरवला तर चक उसवून बाहेर येतो. शाळेत यंत्र असेल तर एका वेळी एकच मूल यंत्रापाशी, आणि बंद करायचे बटण शिक्षकाच्या हाताशी. राखी काढायला मुलगी-मुलगा कुरकुर करील. काढायला लावा. राखी पुन्हा बांधता येते.

लेथ घेऊन गावात काम सुरू करणाऱ्या तरुणाला माझे एवढेच सांगणे आहे. पहिले पंधरा दिवस कोणाचेही काम घेऊ नका. घाई करणारा कितीही जवळचा असला तरी घेऊ नका. ते दिवस यंत्राला द्या. पहिले काम घ्याल तेव्हा प्रत्येक जागा मोजा, आणि माप गिऱ्हाइकासमोर वहीत लिहा. शेतकऱ्याच्या हातात आपण लोखंड देतो, पण त्यावर त्याचे पाणी आणि त्याचे पीक अवलंबून असते. तो रागावेल असे धरून चालू नका. पुष्कळदा तो रागावत नाही. फक्त पुन्हा येत नाही.

दोन वर्षांनी दादा एका संध्याकाळी पडवीत आले. हातात पंपाचा झिजलेला शाफ्ट होता. म्हणाले, “सर, दोन्हीकडे मोजाल ना?” मी मायक्रोमीटर त्यांच्याच हातात दिला.